मांडवातला तिसरा रांजण

सीदी गुनेम पीराच्या उरुसात पाणी प्यायचं तर आधी इन्साफची बोलणी खायची, हा आमच्या कफ्र-गुनेम गावाचा शिरस्ताच होता. दर्ग्याच्या उजव्या अंगाला सेवेचा मोठा मांडव पडतो. येईल त्याला फुकट चहा, फुकट उसळ-भाकरी, आणि दाराशी गार पाण्याचे तीन रांजण. आरोग्य केंद्रातली ही बाई उरुसाचे सगळे दिवस त्या रांजणांपाशी पहारा देत उभी असायची. कुणी ओगराळं सोडून थेट पेला बुडवला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"अरे गाढवा, तो हात कुठे कुठे घालून आलास ते तुझ्या आईला ठाऊक नाही, मला कसं ठाऊक असेल? ओगराळं घे!"

पाण्याला क्लोरिनच्या गोळीचा वास यायचा. त्याला गावाने नाव ठेवलं होतं, इन्साफचं अत्तर. मांडवातला चहावाला मितवल्ली, सत्तरीचा, निम्म्या दातांचा माणूस, रोज तिला चिडवायचा. "अब्ला, आज अत्तर जरा जास्तच शिंपडलंस. कुणाला भुलवायचं आहे?" मोठ्या बहिणीला किंवा शिक्षिकेला म्हणतात तसं सगळं गाव तिला अब्ला म्हणे, आणि हा तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असून तोही म्हणायचा.

तिची ही कटकट उगाच नव्हती. काही वर्षांपूर्वी उरूस उठला आणि पंधरा-वीस दिवसांत गाव पिवळं पडलं. कावीळ. एक पोटुशी बाई गेली. तेव्हा शोधाशोध झाली, आणि सापडलं ते असं की त्यावर कुणाला रागावताही येईना. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने तहानलेल्याला पाणी पाजणं याहून मोठं पुण्य नाही. त्यातून उरुसात, सीदींच्या दारात पाजलं तर विचारायलाच नको. त्यामुळे ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल त्या घरची बाई आपल्या हापशाची घागर डोक्यावर घेऊन येते आणि मांडवातल्या रांजणात रिकामी करते. तिच्या मते ते पाणी थेट तिच्या माणसाच्या घशात उतरतं. आमचे हापसे उथळ, आणि संडासाचे खड्डे त्यांच्या शेजारी. कुठल्या घागरीतून काय आलं, ते सीदींनाच माहीत.

त्या वेळच्या डॉक्टरने पोलीस उभा केला होता. बायकांनी मांडवाची मागची कनात उचलून घागरी ओतल्या. पुढच्या वर्षी इन्साफने वेगळी युक्ती काढली. पहाटेच्या नमाजापासून ऊन चढेपर्यंत हवं तेवढं ओता, आपापल्या माणसाचं नाव घ्या, रडा. ऊन चढलं की मी गोळ्या टाकणार, झाकण लावणार, अर्धा तास कुणी हात लावायचा नाही, आणि त्यानंतर दिवसभर एक थेंबही आत जाणार नाही. बायका कुरकुरल्या, पण ऐकलं. पुण्यही राहिलं आणि पाणीही. शहाण्यासुरत्या अधिकाऱ्यांना जमलं नाही ते या दहावी शिकलेल्या बाईला जमलं, असं मी आजही म्हणतो. म्हणतो ते घरात. बाहेर म्हणायची सोय राहिलेली नाही.

मी सांगतोय त्या वर्षी भर उन्हाळ्यातल्या अबीब महिन्याचा उकाडा होता. उरुसाचा शेवटून दुसरा दिवस. दुपार उतरत आलेली, आणि वहीबा घागर घेऊन आली.

वहीबाला आम्ही उम्म नग्ला म्हणतो, नग्लाची आई. नग्ला तिची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. पोटाच्या ऑपरेशननंतर गेली. शेवटचा अख्खा दिवस ती पाणी पाणी करत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं थेंब द्यायचा नाही, आणि आईने नाही दिला. पोरगी बरी व्हावी म्हणून नाही दिला. पोरगी गेली. तेव्हापासून वहीबा एकच वाक्य बोलायची, "तिचा घसा कोरडा गेला." जेवायला बसली तरी तेच, नमाजाला उभी राहिली तरी तेच.

"उम्म नग्ला, आता नाही," इन्साफ म्हणाली. "उद्या पहाटे ये. सगळ्यांच्या आधी तुझी घागर."

"आज तिचा चाळिसावा दिवस आहे अब्ला. सकाळपासून कबरीपाशी होते. उठवेचना."

"जीव गेला तरी नियम मोडता येत नाही गं मला."

"तुला कोण मोडायला सांगतंय? एक घागर. तिच्या नावची पहिली." वहीबाने घागर खाली ठेवली नव्हती. मान थरथरत होती. "मी तिला ओठ ओले करायला कापूससुद्धा लावू दिला नाही, अब्ला. मीच. तू तरी अडवू नकोस."

इन्साफला वहीबाचा हापसा माहीत होता. शेजारच्या खड्ड्यापासून सात पावलांवर. तिनेच मोजली होती. पण नग्लाला पहिली लस तिनेच टोचलेली होती, आणि समोर उभी असलेली बाई तिला बघवेना. तिने मनात हिशेब केला. तिसरा रांजण अर्ध्यावर आलाय. हिला ओतू दे, वर दोन गोळ्या टाकू, झाकण लावू, अर्धा तास कुणाला फिरकू देणार नाही. बिघडतंय काय?

"ओत," ती म्हणाली. "लवकर."

वहीबाने घागर ओतली. नाव घेतलं. मग रांजणाच्या काठावर कपाळ टेकून रडली, आणि उठली तेव्हा तिचं तोंड काहीसं मोकळं दिसत होतं.

गोळ्यांचा डबा आत चुलीपाशी होता. इन्साफ आत वळली तोच जत्रेच्या पाळण्यांकडून ओरडा झाला, एक बाई उन्हाने कोसळली होती. तिला सावलीत आण, डोक्यावर ओलं फडकं ठेव, नवऱ्याच्या हातात साखर-मिठाचं पाणी दे, यात पाऊण तास गेला. झाकणावर दगड ठेवायचा राहिला होता, आणि कुणाला सांगायचंही राहिलं होतं. ती धावत परत आली तेव्हा अल्लाच्या नामस्मरणाचा जिक्र संपला होता. दोन तास रांगेत डोलून घामाघूम झालेली माणसं तिसऱ्या रांजणाभोवती जमली होती, आणि मितवल्ली स्वतः ओगराळ्याने पेले भरून देत होता. नियमाने, हात न बुडवता.

"अब्ला, आज पाणी काय गोड लागतंय!" तो म्हणाला, आणि स्वतःचा पेला एका दमात रिकामा केला. "अत्तर संपलं वाटतं तुझं."

इन्साफने त्याच्या हातातून ओगराळं हिसकावून घेतलं. उरलेलं पाणी मांडवामागे ओतलं. माणसं हसली, बाईचं डोकं तापलंय म्हणाली. तिने रात्री औषधाच्या वहीत तिन्ही रांजणांपुढे रोजच्यासारखी खूण केली, आणि सीदींना म्हणाली, एकच घागर होती, सांभाळून घ्या.

सीदींनी सांभाळलं नाही. दुसऱ्या दिवशी जिक्रातले दोघे आडवे झाले. तिसऱ्या दिवशी अकरा. जुलाब, उलट्या, पायांत गोळे. मितवल्लीला दुसऱ्याच दिवशी जुलाब लागले होते, पण त्याने कुणाला सांगितलंच नाही. उरुसाचा शेवटचा मोठा दिवस, चहा कोण करणार? कनातीच्या मागे जाऊन यायचा आणि पुन्हा चुलीपाशी बसायचा. इन्साफच्या नजरेला पडला तेव्हा डोळे खोल गेले होते. तालुक्याच्या इस्पितळात पोचायच्या आधीच, गाडीत, तो गेला. त्याचं डोकं इन्साफच्या मांडीवर होतं.

गावाला गुन्हेगार लागतो, आणि तो परका असेल तर फार बरं पडतं. ज्येष्ठमधाचं सरबत विकणारा शहाता असा मिळाला. मोठी काचेची सुरई पोटाशी बांधून, पितळी टाळ वाजवत उरुसा-उरुसांतून फिरणारा गरीब माणूस. दोन पेले, एकाच भांड्यात बुचकळून सगळ्यांना द्यायचा, हे खरं. पोरांनी त्याला धरलं, सुरई फोडली, पोलिसांनी आत टाकलं. "विषारी!" म्हणून त्याच्यामागे बायकासुद्धा ओरडत गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

इन्साफला माहीत होतं. मितवल्लीला रक्तदाब होता, आणि ज्येष्ठमध त्याला वर्ज्य होतं. तिनेच तंबी दिलेली, आणि तो पाळायचा. त्या आठवड्यात त्याने चहाखेरीज काही तोंडात घातलं असेल तर ते तिसऱ्या रांजणातलं पाणी.

खरं सांगून टाकायचं ठरवून ती आधी वहीबाच्या घरी गेली. निदान तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढाच विचार होता. वहीबा अंगणात होती. दाराशी नवा रांजण मांडला होता, पाण्याने काठोकाठ भरलेला.

"ये अब्ला, ये! तुझ्याकडेच येणार होते." तिने इन्साफचे दोन्ही हात धरले. "ती आली होती स्वप्नात. ओठ ओले होते गं तिचे! म्हणाली, आई, पोचलं. काल मी पोटभर जेवले, विचार शेजारणीला."

इन्साफने रांजणाकडे बोट केलं.

"हा कसला?"

"रस्त्यावरच्या लोकांसाठी. रोज भरणार. तिला रोज मिळायला नको?"

इन्साफने पिशवीतून गोळ्यांची पुडी काढली. एका रांजणाला किती, कधी, मग अर्धा तास झाकण. तीनदा म्हणवून घेतलं. "नग्लाच्या नावचं पाणी आहे," ती म्हणाली, "स्वच्छच असलं पाहिजे." वहीबाने पुडी डोळ्यांना लावली. जे सांगायला आली होती त्यातलं इन्साफच्या तोंडून काही निघालं नाही.

डॉक्टर नादिर केंद्रात कागद भरत बसला होता. शहरातून वर्षाच्या सक्तीच्या नेमणुकीवर आलेला पोरगेलासा डॉक्टर.

"शहाताला सोडायला सांगा," इन्साफ म्हणाली. "तिसऱ्या रांजणात औषध टाकायला मी विसरले."

त्याने पेन ठेवलं. "तुम्ही? वहीत तर तिन्हींपुढे खूण आहे."

"खूण केली. गोळी राहिली."

"बाकी दोन लक्षात राहिले आणि एकच विसरलात?"

"हो."

"अब्ला, कुणी काही ओतलं होतं का त्यात?"

"माझ्या समोर? कुणाची बिशाद आहे!"

त्याने पुन्हा पेन उचललं. "हे लिहिलं तर तुमची नोकरी जाईल. वर मितवल्लीचं नाव लागेल तुमच्या मागे, जन्मभर."

"जे झालंय तेच लिहायचंय ना? लिहा."

हे मला कसं कळलं ते विचारू नका. कळलं, आणि तेव्हा बोललो नाही, याची मला लाज वाटते.

शहाता सुटला. त्याने इन्साफचे आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. "लोक बघत होते, अब्ला," एवढंच म्हणाला. "आता मी कुठल्या उरुसात टाळ वाजवू?" आणि दोन रिकामे पेले घेऊन बसच्या रस्त्याला लागला. इन्साफला कामावरून काढलं. मितवल्लीची बायको तिच्या तोंडावर दार लावून घेऊ लागली. भाकरीच्या रांगेत ती उभी राहिली की पुढची बाई दोन पावलं सरकायची. आयुष्यभर ज्यांना हात धुवायला लावले, तेच आता तिला पाहून हात झटकत होते. तिला वाईट वाटायचं, पण ती सांगायची नाही. मितवल्लीचं मरण तिच्याच हातून झालं आहे असं ती मनातून मानत होती, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

आठवड्याभराने, भर सकाळी, वहीबा तिच्या दाराशी आली. काळ्या कपड्यांत, आणि मागे अर्धी गल्ली.

"खरं का हे?" वहीबा ओरडली. "त्याच रांजणात औषध नव्हतं? माझ्या घागरीच्या रांजणात?"

इन्साफ उंबऱ्यात उभी राहिली. "हो, उम्म नग्ला."

"तिथे माझ्या लेकीचं पाणी होतं! मी स्वच्छ मनाने आणलं, तिचं नाव घेऊन ओतलं, आणि तू त्याचं विष होऊ दिलंस? माणूस मेला त्याने! आता ती मला विचारेल, आई, कसलं पाणी पाठवलंस, तर मी काय सांगू?"

"सांग, इन्साफ विसरली म्हणून. तुझ्या पाण्यात काही वाईट नव्हतं."

"दोन गोळ्या टाकायच्या फक्त!" वहीबा रडत होती, मुठी छातीवर आपटत होती. "मला तीनदा घोकून घेतलंस, आणि स्वतः विसरलीस? मी नाही विसरत एक दिवस! तुला पोर असतं ना, तर तू विसरली नसतीस!"

इन्साफला मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरूनच नवऱ्याने टाकलं होतं. इतक्या वर्षांत गावात हे तिच्या तोंडावर कुणी काढलं नव्हतं.

इन्साफने दाराची चौकट धरली. "खरं आहे तुझं," ती म्हणाली. "नसते विसरले."