विहिरीत सोडलेला कान

केदारखेड्याच्या मुलीने समुद्रात नोकरी करावी, हेच मुळात हसण्यासारखं आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि तीही होळीपर्यंत. तरी मी पाण्याखालच्या आवाजावरून तांदळाच्या कणीएवढे जीव शोधते. जहाजावरून आवाज खाली सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तिथे कोण आहे, किती आहेत, ते ओळखायचं. या कामात मला बऱ्यापैकी हुशार समजतात.

त्यासाठी मी जालन्याच्या एमआयडीसीतली, बियाणे कंपनीतली नोकरी सोडली. ते वडिलांना, म्हणजे अण्णांना, आवडलं नाही, असं मी धरून चालले होते. पुरावा भक्कम होता. फोनवर मी काहीही सांगितलं तरी ते "हां, बराबर" म्हणत आणि फोन आईकडे देत. एकदा मी म्हटलं, मला ताप आहे, तरी "हां, बराबर." मग मीही कामाबद्दल बोलणं सोडलं. राग धरण्यात आमचं घर कुणाला हार जात नाही.

यंदा दिवाळीला येताना दुरुस्त केलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा माइक, तपासून बघायला सोबत आणला. आमच्याच विहिरीत सोडला. आत पाणकिडे किरकिरत होते. अण्णा काठावर येऊन उभे राहिले, म्हणून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. ते हातानेच "अजून, अजून" करत राहिले. मी आवाज वाढवत गेले. माझे कान फुटले असते तिथे त्यांचा चेहरा खुलला.

"ह्ये ऐकू येऊन राह्यलं," अण्णा म्हणाले. "फोनवर तुझं काईच कळत न्हाई. लई सालं झाली. मंग हां म्हणून देतो. तुला वाईट नको वाटायला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. समुद्रातली कणी ओळखणाऱ्या मला एवढ्या वर्षांत त्या "बराबर"चा अर्थ लागला नव्हता. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

हेडफोन त्यांच्या कानांवरच ठेवून मी हायड्रोफोन वर ओढला, ओढणीने पुसला आणि तोंडाशी धरला. मग नोकरी का सोडली, जहाजावर उलट्या कशा होतात, ते इवले जीव संध्याकाळी वर कसे येतात, सगळं घडाघडा सांगायला लागले.

अण्णांनी हात वर केला.

"वरडू नको," ते म्हणाले. "ऐकू येतंय."