थट्टेच्या नात्यातली सोमोए

टांझानियातल्या किल्वा बेटावर होडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना जुनी मशीद, सुलतानाचा पडका राजवाडा आणि कड्यावरचा अष्टकोनी हौद दाखवणं हे सोमोएचं काम. लग्नाआधीपासूनचं. मुलं झाली, नवरा गेला, तरी ती रोज धक्क्यावर हजर.

मग मामेबहीण सिवेमा दार एस सलामहून परत आली, तीही हेच काम करू लागली, आणि होडीतून पाय खाली टाकायच्या आधीच पाहुणे विचारू लागले, "सिवेमा कुठाय?"

आते-मामे भावंडांत इथे थट्टेचं नातं असतं. वाट्टेल ते बोला. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. रागावला, तर हसं त्याचंच. सोमोए त्याचा पुरेपूर फायदा घेई. "आली बघा! चार दिवस शहरात काय राहिली, सुलतानाची सून असल्यासारखी चालते!" सगळे हसत. सिवेमाही हसे. सोमोएच्या पोटातली आग तेवढी विझत नसे.

एके दिवशी गावातले वडीलधारे मकुंगूबाबा आंब्याखाली बसून म्हणाले, "उद्या मोठा गट येतोय. व्हिडिओ काढणारेत. कोण नेईल?"

"मी," सोमोए म्हणाली. "ही थापा मारते, बाबा. म्हणे हौदात राणी पोहायची! हिनं बघितलं होतं?"

"राणी तुला बोलवायची राहिली, ताई. त्याचाच राग ना?" सिवेमानं विचारलं.

हशा पिकला.

"मी थट्टा करत नाहीये!"

हशा वाढला.

"म्हणजे खरंच जळतेस माझ्यावर?"

"जळते! माझं काम खाल्लंस तू!"

लोक डोळे पुसून हसू लागले. मकुंगूबाबांनी मांडीवर थाप मारली. "दोघीही जा. हे भांडण पाहुण्यांना फार आवडेल."

दुसऱ्या दिवशी हौदापाशी सिवेमा बोलू लागली. काठावरचे दिवे, राणीनं आधी अंगठा बुडवून पाहिलेलं पाणी, खालून येणारा समुद्राचा आवाज. सोमोएच्या जिभेवर टोमणा तयार होता. पण इतकी वर्षं पाहिलेल्या त्या कोरड्या हौदात तिला आज पहिल्यांदा पाणी दिसलं. तेच सगळ्यात जास्त झोंबलं.

"सटवे, हे मला का नाही गं सुचलं?"

सिवेमानं ते पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते हसले, कॅमेरा सोमोएकडे वळला. सिवेमा मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "ताई, काल खरंच बोलत होतीस?"

"हो."

या नात्यात रागवायची सोय नव्हती, तशी माफी मागायचीही नव्हती. पाहुणे वाट बघत होते. शेवटी सिवेमा मोठ्यानं म्हणाली, "काय गं ताई, आज जीभ राणीबरोबर बुडाली वाटतं?"

सोमोएनं अंगाभोवती गुंडाळलेली रंगीत कांगा सावरली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि मामेबहिणीला ठेवणीतल्या शिव्या घालायला सुरुवात केली.