दोरीवरचं ओलं धोतर

लोणावळ्याच्या एका चाळीत दोरीवर पाहिलेलं ओलं धोतर मी अजून विसरलेलो नाही. साठच्या दशकात मी तिथे फौजदार होतो. श्रावणातल्या धुक्यात भरदुपारी ठाण्यात दिवे लागलेले, तेव्हा त्या चाळीचा मालक आला.

"साहेब, माझा एक भाडेकरू, म्हातारा सुतार, वर्षभर कुणाला दिसला नाही. बायको म्हणते, आजारी आहे. मला घातपाताचा संशय आहे."

स्टेशन डायरीला नोंद करून मी हवालदाराबरोबर निघालो. चाळीचा जिना चढताना वरून खोकला ऐकू आला, पुरुषी, छातीतून ओढलेला. दारात वहाणा होत्या, दोरीवर धोतर ठिबकत होतं.

"जित्ता हाय की साहेब," हवालदार म्हणाला. "चला माघारी."

मी वहाण उचलली. इथल्या पावसात न वापरलेल्या चामड्याला बुरशी धरते. वहाण वरून पुसलेली होती, पण आत अंगठ्याखाली पांढरी लव होती. त्या पावसाळ्यात तिच्यात पाय गेलेला नव्हता.

दार साठीच्या बाईने उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. आत पडद्यामागे खाट, उशी, तांब्या. माणूस नव्हता.

"मावशी, आत्ता खोकलं कोण?"

ती आमच्याकडे बघत खोकली. तोच खोकला. हवालदार दारापर्यंत मागे सरकला.

मग तिने जबाब दिला. "मागल्या साली माझ्या माहेरी, परंदवडीला गेलतो. तितंच गेलं ते. भाच्यांनी अग्नी दिला. मी कुंकू लावून माघारी आले."

"का?"

"मालक म्हनायचे, म्हातारा हाय तवर बारा रुपये. तो गेला की पंचवीस, न्हाईतर खोली सोड. शेजारणीचा नवरा गेला, तिला तेच केलं. मी कुटं जाऊ?"

परंदवडीच्या पोलीस पाटलाकडून खात्री केली. मृत्यू आजाराने झाला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला जाऊन सांगितलं, "मावशी, भाडं खोलीचं ठरलेलं असतं, माणसाचं नाही. नवऱ्यामागे सोबत राहणाऱ्या बायकोला त्याच भाड्यात राहता येतं. मालकाला ते वाढवता येत नाही."

ती धोतराकडे बघत राहिली. "म्हंजी, त्यांचं दिवस घातलं असतं तरी चाललं असतं?"



मालकाला ठाण्यात बोलावून समज दिली. शेजारणीने कोर्टात अर्ज केला आणि तिचं भाडं पुन्हा खाली आलं. भाड्याची तक्रार घेऊन येणाऱ्या भाडेकरूला 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' म्हणून वाटेला लावायची आमची रीत होती. पुढे मी आधी एक प्रश्न विचारू लागलो: तुम्हाला हा कायदा सांगितला कुणी? उत्तर बहुतेकदा एकच यायचं, मालकाने.

त्या दुसऱ्या दिवशी मावशीला कायदा सांगून मी आणि हवालदार जिना उतरत होतो. धुक्यात मागून खोकला आला. हवालदार थांबला, मीही थांबलो. आता तो खोकला कुणाला ऐकवायची गरज उरली नव्हती.