मोडलेला हात मानेवर

आमच्या बीदर भागात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्यांची टिंगल करण्यात मी कायम पुढे. कुणी काही सांगायला लागलं की म्हणायचो, "आधी डोळे तपासून घ्या." त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

जनवाड्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे. मागच्या वर्षी मोटरसायकल घसरली आणि उजव्या खांद्याजवळ हाड तुटलं. हात जरा हलला तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. बनियनसुद्धा कात्रीनं कापून काढावी लागली.

त्याच वेळी मुलीचं लग्न जमत आलं होतं, ठाणाकुशनूरला. होणारे व्याही फळं घेऊन दवाखान्यात भेटायला आले आणि नेमके तेव्हाच भुलीचे डॉक्टर आले.

"काका, दमा, टीबी, काही झाल्तं का?"

तरुणपणी टीबीनं माझं डावं फुप्फुस जवळजवळ निकामी केलंय. व्याही कान देऊन ऐकत होते. मी म्हणालो, "न्हाई वो, कायम ठणठणीत." डॉक्टर छातीचा एक्स-रे काढू म्हणाले, तर "परवाच काढला, चांगला हाय" असंही ठोकून दिलं. शेजारी उभ्या मुलीला सगळं ठाऊक होतं. ती फळं उचलून ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मानेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करायचा होता. मान डावीकडे वळवली, उजव्या बाजूला जंतुनाशक औषध लावलं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "काका, हात काढा."

मला वाटलं, डावा हात. पण तो तर सिस्टरनं सलाइनसाठी धरला होता. मानेवर होता तो माझा मोडलेला उजवा हात — गळ्यातल्या झोळीतून निघून नेमकी सुईची जागा झाकून बसलेला. दुखलं अजिबात नाही. डॉक्टरांनी तो अलगद खाली ठेवला तेव्हा मात्र मी ओरडलो.

पुन्हा औषध लावलं... पुन्हा हात वर.

"कामून अडवायलाव काका? काही सांगायचं हाय का?"

आता तिथं व्याही नव्हते. तरी एकदा ठोकलेलं मागं घ्यायची लाज वाटली. "न्हाई," म्हणालो.

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि छातीला नळी लावून डावीकडे बराच वेळ ऐकलं. मग सांगितलं, मानेतल्या या इंजेक्शननं त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही तास झोपू शकतो. एरवी दुसरं फुप्फुस सांभाळून घेतं. "तुमचं कोण सांभाळलं असतं?" शेवटी कॉलरबोनखाली आणि खांद्यामागं अशी दोन इंजेक्शनं देऊन त्यांनी काम भागवलं.

हाताबद्दल विचारलं तर म्हणाले, "एवढं हाड तुटल्यावर हात तिथवर जात न्हाई काका. मला बी कळंना झालंय."

टीबीचं मुलीनं लग्नाआधी स्वतःच सासरी सांगितलं. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. म्हणजे मी जीव पणाला लावला होता तो उगाचच.

परवा ती माहेरी आली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "अप्पा, ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसल्ते. आत जाऊन सांगावं का न्हाई... तुमची इज्जत जाईल म्हणून उठले न्हाई. नुसती अशी बसले." आणि तिनं उजवा हात आपल्या मानेवर ठेवून दाखवला. तीच जागा.

मीही तसा ठेवायला गेलो. वर्षभर व्यायाम करूनही माझा हात खांद्याच्या वर जात नाही.