दुसरी हाक

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं, आणि ती बिचारी केव्हाच मातीआड गेली. मुलांना ठाऊक नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो, शेवटी मी रडणार नाही. रडायचं असेल तर तुम्ही रडा.

मी शारजात राहतो, अल मजाजला, मुलाच्या फ्लॅटवर. मागच्या आठवड्यात नात मसाफीच्या डोंगरात जाऊन आली, एकटीच. पाठीवर तंबू, मुक्कामही वरच. मला म्हणते, "दादा, यू लिव्ड हिअर सो लाँग अँड यू नेव्हर वेंट अप?" मी म्हटलं, नाही गं, आम्हाला कुठली सवड. खोटं — धडधडीत खोटं. मी तिच्या कितीतरी आधी गेलोय. साठ-सत्तरच्या मधली गोष्ट, तिथं तेव्हा डांबराचा रस्ता नव्हता, वाळू आणि वादीतले, म्हणजे कोरड्या नदीतले, धोंडे, बस.

तेव्हा मी दुबईत, देऱ्याला, एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात क्लार्क होतो. राहायला आमच्या रत्नागिरीकडच्या गावाची खोली — एका खोलीत अर्धं गाव. आणि त्या अख्ख्या खोलीत अरबी नीट येणारा मी एकटा. म्हणजे काय झालं असेल, बघा. दाऊदभाई, कस्टमवाला काय बोलतो ते जरा विचारा. दाऊद, यल्ला, डॉक्टरकडे चल, माझं पोट कुठं दुखतंय ते त्याला सांग. घास तोंडात, की हाक. नमाज पढून उठतोय, की हाक. माणसं चांगली होती हो, वाईट नाही म्हणत. पण मला माझ्याच नावाचा वीट आला होता. इतका, की ईदच्या सुट्टीत मी एका लँडरोव्हरवाल्याला पटवलं, मसाफीपर्यंत गेलो आणि तिथून एकटा डोंगर चढलो. खोलीत सांगितलं, शेठचं काम आहे. खरं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. डोंगरात काय ठेवलंय? — काही नाही. तेच तर हवं होतं मला.

घोंगडी, खजूर, किटली, पाण्याचा कॅन. संध्याकाळी एका सपाट जागी सुकलेल्या बाभळीच्या काटक्या गोळा केल्या, आग केली, काळा चहा केला. कुणी बोलत नव्हतं. कुणी विचारत नव्हतं. खरं सांगू? — जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं मला. पुढे जे झालं त्यामुळे ते सुख खोटं होत नाही, आणि मी ते नाकारणारही नाही.

मगरिब, सूर्यास्ताची वेळ, होऊन थोडाच वेळ झाला होता, आभाळात अजून उजेड होता. खालून, घळीतून, पुरुषाचा आवाज आला — "या राई अन्-नार!" म्हणजे, ए आगवाल्या. मी गप्प बसलो.

आता आमच्या गावात कुणालाही विचारा. दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणतात. हिंदू म्हणतात, आम्ही मुसलमानही म्हणतो. मी तेच केलं, गावची रीत पाळली — असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. ऐकायला बरं वाटतं ना? तुम्हीही मान डोलावली असेल.

मग दुसरी हाक आली. दमलेली. आणि तिच्यात मदत हा शब्द होता. स्पष्ट. अरबी मला येत होती — त्या अरबीनंच तर माझा जीव खाल्ला होता. आणि मला सांगा, आमच्या कोकणातलं कुठलं भूत अरबीत मदत मागतं?

मला भीती वाटली नव्हती. हे नीट ऐका, कारण घाबरलो असं म्हणायची सोय आहे, आणि ती सोय मला नको. मला राग आला होता. इथंसुद्धा? — असं झालं. मी उठलो, पायानं माती लोटली आणि आग विझवली. घोंगडी ओढून आडवा झालो. तिसरी हाक आली नाही. झोप? — लागली. छान लागली.

सकाळी उतरताना घळीत माणसं भेटली. घोंगडीत गुंडाळलेलं एक मयत घेऊन चालली होती. मीही खांदा दिला, कोण नाही देणार? पुढे चालणारा सईद, माझ्याच वयाचा, मयत त्याच्या बापाचं. चालता चालता त्यानं सांगितलं. बाप शेळ्यांमागे गेला आणि घसरला, मांडीचं हाड मोडलं. सईदला एकट्याला उचलवेना. वर आग दिसली. तडक वर का नाही आला? — कारण त्यांच्यात परक्याच्या मुक्कामाजवळ तसं जात नाहीत. लांबून दोनदा हाक मारायची, ओ आली नाही तर मागं फिरायचं. बायका असतील. मग तो बापाला तिथंच ठेवून माणसं आणायला गावात धावला. परत येईपर्यंत म्हातारा गेला होता. जवळ कुणी नव्हतं.

त्यानं मला विचारलं, तू वर होतास का? मी म्हटलं, नाही, मी पलीकडच्या वादीत झोपलो, आग-बिग काही बघितली नाही. तो म्हणाला, "मग कुणाचं तरी कुटुंब असणार. मी ओरडलो आणि बायका घाबरल्या, आग विझवली बिचाऱ्यांनी. अल्लाह मला माफ करो."

तिथं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारं माणूस, हाड मोडलेलं, तसाही गेलाच असता. नका म्हणू. गेला असेलही — पण पोराच्या हातात हात देऊन गेला असता. आमचे मौलवीसाहेब म्हणतात, तौबा केली की खलास. असेल. पण सईदचं काय? तो जन्मभर त्या बायकांची माफी मागत राहिला असेल, ज्या तिथं नव्हत्याच. मला जाऊन सांगता आलं असतं. रस्ता झाला, घरात गाड्या आल्या, गावही मला ठाऊक आहे. गेलो नाही. लाज वाटली म्हणून नव्हे, तेवढा चांगुलपणा मला चिकटवू नका. जायचं नव्हतं, म्हणून गेलो नाही.

त्या दिवशी सईदच्या माणसांनी मला ठेवून घेतलं. गहवा, त्यांची कॉफी, दिला, खजूर दिले, मी खाल्ले. जनाज्याच्या नमाजाआधी सईद सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बापाकडून कुणाला काही त्रास झाला असेल, तर त्याला माफ करा. एकेकाकडे बघत गेला, एकेक जण म्हणत गेला, माफ केलं. माझ्यापाशी आला. मी परका, ओळख ना पाळख — मला सोडून पुढं जाता आलं असतं त्याला. पाहुण्याचा मान म्हणून थांबला, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आणि मी, त्या मयताकडे बघून, चांगल्या मोठ्या आवाजात, स्वच्छ अरबीत म्हणालो — माफ केलं.