समेटाचे पोहे

नवरा-बायकोची भांडणं कोर्टात निकाली निघतात, किस्से मात्र ज्युनिअर वकिलाच्या डोक्यात साचत जातात. एलएलबी होऊन मी वर्ध्याला काकाजींकडे ज्युनिअर लागले, तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. काकाजी म्हणजे माझे सीनियर. कुठलाही अर्ज लिहिण्याआधी ते जोडप्याला एका प्लेटीत पोहे खायला लावत. त्याने राग उतरतो, हा त्यांचा कायदा. माझ्या पुस्तकांत तो कुठेच नव्हता.

आंजी गावची वंदना आली, काकाजींनी लगेच प्लेट मागवली. ती आणि सोबतचा माणूस सकाळच्या एसटीने उपाशी आलेले. दोघांनी प्लेट पुसून साफ केली. काकाजी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघू लागले.

"काकाजी, तो तिचा भाऊ आहे."

"तरीच," काकाजी म्हणाले, "भांडले नाहीत."

बरं, वंदनाचा घटस्फोट आधीच झालेला. प्रश्न होता पाच वर्षांच्या मिनीचा. ती वंदनाकडे होती आणि बापाला, सेलूच्या सुरेशला, ती हवी होती. पुढच्या खेपेला तो आला, तर पुन्हा पोहे.

"काकाजी, यांचा घटस्फोट झालाय!"

"लग्न मोडतं, तर घटस्फोट का नाही मोडणार?"

वंदनाने प्लेटीला हात लावला नाही. सुरेशने सगळी संपवली.

मी सुरेशला विचारलं, पोरीला आंघोळ कोण घालणार?

"माय हाय ना घरी."

वेणी?

"माय."

ताप आला तर?

"माय हाय म्हटलं ना, मॅडम."

"मग तुम्ही काय करणार?"

उत्तर काकाजींनीच दिलं. "तो बाप आहे." वर, पोरगी बापाच्या घरीच शोभते, हेही ऐकवलं. आणि हे वंदनाचे वकील! ती पदराचं टोक पिळत बसून राहिली.

पुढच्या बैठकीला वंदना मिनीला मांडीवर घेऊन भावाशेजारी बसली होती. सुरेशच्या आधी त्याची आईच हजर. डोक्यावर लोखंडी पेटी. ती धाडकन खाली ठेवून म्हणाली, "काकाजी, पोरगी तिच्या मायजवळच राहू द्या. सुरेश सांगते, माय करन. मी आता त्याच्या घरी नाई राहत."

"मग जाता कुठे?"

ती वंदनाकडे वळली. "तुह्या घरी जागा हाय का वं?"

काकाजी उखडले. "अहो बाई, ती तुमची सून राहिली नाही आता."

"तिनं नवरा सोडला," म्हातारी म्हणाली. "मले कुठी सोडलं?"

वंदनाने मिनीला भावाकडे दिलं आणि वाकून पेटीची एक कडी धरली.