कॉम्प्युटरने काढलेलं घर

स्पर्धेच्या प्रयोगाची पहिली घंटा झाली, आणि आमच्या घरापुढे तुळशीवृंदावन उभं होतं.

नाटक मी लिहिलेलं. आमच्या बौद्धवाडीतल्या एका घराचं, मुंबईची नोकरी सुटून परतलेल्या बापाचं. यंदा रंगवलेलं नेपथ्य नव्हतं. रंगमंचाच्या मागे भलीमोठी एलईडी स्क्रीन होती, ती सांभाळायला माझी शाळेतली मैत्रीण, आता इंजिनियर. शेवटच्या तालमीपर्यंत चित्र तयार नव्हतं. मग तिने कॉम्प्युटरमधल्या एआयकडे कोकणातलं घर मागितलं. त्याने कौलं दिली, माड दिले, तुळस दिली.

"कुंडी कोण बघतंय?" ती म्हणाली.

"वाडी बघतेय. गाड्या करून आलेत सगळे."

तिने तुळस पुसायला सांगितली, कॉम्प्युटरने तिथे समई ठेवली. बौद्ध घर मागितलं तर डोंगरातला मठ आला, बर्फासकट. माझ्या मोबाईलमधला घराचा फोटो त्या स्क्रीनवर नुसते चौकोन होऊन फुटला. दुसरी घंटा झाली.

मी गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं वाचली. यंत्राशी माझं भांडण नाही. पण त्याला शिकवताना ज्यांनी घरं दाखवली, त्यांच्या लेखी आमचं घर कोकणात नव्हतंच. मी म्हटलं, स्क्रीन बंद कर.

ती चिडली. दिवे, आवाज, सगळं त्या चित्रांना जोडलेलं होतं. स्क्रीन बंद केली तर प्रत्येक दिवा हाताने द्यायचा, आणि एक चुकला की नाटक तिथेच बसलं. वर्षभराच्या तालमी पाण्यात घालायच्या का, एका झाडासाठी?

बापाचं काम करणारे काका, तहसील कचेरीतले कारकून, बॅग घेऊन विंगेत उभे होते.

"माझ्या आजीने देव खाडीत सोडले गो," ते तिला म्हणाले. "मी ते कॉम्प्युटरवरनं परत आणू?"

ती दिव्यांच्या बटणांकडे वळली. तिसऱ्या घंटेला स्क्रीन काळी झाली.

पडदा उघडला. काळोख. काका आत निघाले तरी दिवा येईना. मग उशिरा, थरथरत, एक उजेड त्यांच्या पायांशी आला. दार असायला हवं तिथे ते थांबले, चपला काढल्या आणि मान खाली घालून आत शिरले. तालमीत हे कधीच केलं नव्हतं. आमच्या वाडीतली दारं ठेंगणी.

मागच्या रांगेतून कुणीतरी सवयीने बोललं, "हळू रे, डोकं."